जुन्या गाड्यांचें पॉवर स्टिअरिंग : आधीं गळती, मग तेल

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या घरीं गाडी ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. पूर्वीं जें काम बैलबंडीनें होत असे तें आज जुन्या जीपगाडीनें, सुमो-बोलेरोसारख्या वाहनानें किंवा ट्रॅक्टरनें होतें. धानाचीं पोतीं बाजारांत नेणें, खताच्या गोण्या आणणें, रोवणीच्या दिवसांत मजूर बायांना बांधीपर्यंत पोंचविणें आणि रात्रीं-अपरात्रीं आजारी मनुष्यास तालुक्याच्या दवाखान्यांत नेणें, हीं सर्व कामें पुष्कळदां एकाच गाडीवर पडतात. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारें तीन-चतुर्थांश भाग वनांनीं व्यापिलेला आहे. रेल्वेचें स्थानक तर त्या जिल्ह्यांत दीर्घ काळपर्यंत वडसा (देसाईगंज) हें एकच होतें. अशा प्रदेशांत आपली गाडी वाटेंत अडली तर मागून दुसरी येईलच असा भरंवसा नसतो. म्हणून गाडीची जी दुरुस्ती शहरांत किरकोळ समजली जाते, तीच आमच्या बाजूस जीवावर बेतूं शकते.

जुन्या गाड्यांविषयीं दोन तक्रारी आमच्या कानांवर वारंवार येतात. एक, स्टिअरिंग जड झालें आहे. दुसरी, गाडी उभी केलेल्या जागीं तेलाचा डाग पडतो. वस्तुतः हीं बहुधा एकाच रोगाचीं दोन लक्षणें असतात. परंतु त्यांवर जो इलाज सर्रास केला जातो तो रोगाहून वाईट आहे. टाकींतील तेल उतरलें कीं हातीं लागेल तें तेल तींत ओतावयाचें आणि गाडी पुढें हांकावयाची! बांधीचा धुरा फुटला असतां तो न बांधतां वरून पाणी सोडीत राहणाऱ्या शेतकऱ्यास आपण शहाणा म्हणणार नाहीं; पण गाडीच्या बाबतींत आपण तेंच करितों, आणि कित्येकदां गोड्या पाण्याच्या जागीं खारें पाणी सोडतों. गळती आधीं बंद करावी, तेलाचा विचार नंतर करावा, आणि डब्यावरील अक्षर वाचल्यावांचून तेल कधींहि ओतूं नये, एवढेंच आम्हांस या लेखांत सांगावयाचें आहे.

यंत्राची रचना

पॉवर स्टिअरिंगचें यंत्र समजण्यास कठीण नाहीं. इंजिनावरील पट्ट्यानें एक लहान पंप फिरतो. तो टाकींतील तेल ओढून घेऊन जाड नळीवाटे स्टिअरिंगच्या पेटीकडे किंवा रॅककडे मोठ्या दाबानें ढकलतो. चालक ज्या बाजूस स्टिअरिंग फिरवील त्या बाजूस आंतील झडप हें तेल सोडते, दट्ट्या सरकतो व चाकें वळविण्यास चालकाच्या हातास जोड मिळते. काम झालेलें तेल परतीच्या नळीनें पुन्हा टाकींत येतें. स्टिअरिंग अगदीं टोंकापर्यंत फिरविलें असतां हा दाब ७० ते १०० बार किंवा त्याहूनहि अधिक होतो. मोटारीच्या टायरांतील हवेचा दाब सुमारें २ बार असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे या नळ्यांवर व सीलांवर किती भार पडत असेल याची कल्पना वाचकांस येईल.

येथें तेल तीन कामें करतें. तें दाब वाहून नेतें, पंपाच्या पात्यांस वंगण देतें आणि रबरी सीलांस मऊ व योग्य आकाराचीं ठेवतें. हें तिसरें काम बहुतेकांच्या लक्षांत येत नाहीं. आणि चुकीच्या तेलानें पहिला घात होतो तो याच कामाचा.

अमेरिकेंतील फ्रान्सिस डेव्हिस या एंजिनिअरानें १९२६ सालीं असें स्टिअरिंग मोटारीवर बसवून दाखविलें. परंतु सर्वसाधारण विक्रीच्या मोटारींत तें येण्यास १९५१ साल उजाडावें लागलें व तो मान क्रायस्लर कंपनीच्या इंपीरिअल गाडीस मिळाला. आपल्याकडील जुन्या जीपगाड्यांस तें नव्हतें. चालकाच्या दंडांतील जोर हेंच त्यांचें पॉवर स्टिअरिंग. टाटा सुमो १९९४ सालीं व महिंद्र बोलेरो २००० सालीं बाजारांत आली, आणि पुढील वर्षांत अशा गाड्यांबरोबर हें यंत्र खेड्यापाड्यांपर्यंत पोंचलें. त्यांतील पुष्कळ गाड्या आज दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हातीं आहेत. कारखान्याचें पुस्तक पहिल्या मालकाकडेच राहिलेलें असतें, आणि टाकींत आजवर कोणीं काय ओतलें याचा थांगपत्ता नसतो.

एक खुलासा येथेंच करून ठेवितों. अलीकडील पुष्कळ लहान मोटारींत स्टिअरिंगला विजेच्या मोटरची जोड असते. ही रीत १९८८ सालीं जपानांत सुझुकी कंपनीनें सर्वो या गाडींत आणिली. अशा गाडींत बहुधा स्टिअरिंगचें तेल नसतेंच. तेव्हां तिच्या मालकानें टाकी शोधण्याचा खटाटोप करूं नये, आणि कोणी "स्टिअरिंगचें तेल बदललें" म्हणून पैसे मागितल्यास टाकी कोठें आहे हें आधीं विचारावें.

तेलांच्या जाती

स्टिअरिंगच्या तेलाची जात एक नाहीं. पहिली जात स्वयंचलित गिअरबॉक्सच्या तेलाची. दुकानांत तिला ए.टी.एफ. म्हणतात; रंग बहुधा लाल. जुन्या पुष्कळ गाड्यांस हेंच तेल सांगितलेलें असतें. या जातींतील डेक्स्रॉन हें नांव जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीचें असून तें १९६७ सालापासून चालत आलें आहे. नांव तेंच राहिलें तरी आंतील वस्तु मात्र वेळोवेळीं बदलत गेली. आरंभींच्या अशा तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचें तेल मिसळीत असत. त्या प्राण्याच्या रक्षणासाठीं १९७० नंतरच्या वर्षांत अमेरिकेनें तो व्यापार बंद केला व तेलाची घडण बदलावी लागली. तिसरी आवृत्ति १९९३ सालीं निघाली, सहावी २००५ सालीं. तिसऱ्या आवृत्तीचे परवाने देणें कंपनीनें २००६ च्या अखेरीस थांबविलें. म्हणून आज डब्यावर "डेक्स्रॉन तीन" असें लिहिलेलें दिसलें तर तो तेल करणाराचा स्वतःचा दावा समजावा. त्यामागें मूळ कंपनीची तपासणी नाहीं. असा डबा घेतांना तेल करणाराची पत पाहावी. सहावी आवृत्ति तिसरीहून किंचित् पातळ आहे. ती जुन्या पंपांत घालावी कीं नाहीं हें गाडी करणाऱ्या कंपनीच्या माहितीवरूनच ठरवावें.

दुसरी जात खास पॉवर स्टिअरिंगसाठीं केलेल्या खनिज तेलाची. होंडासारख्या कांहीं कंपन्या आपलें स्वतंत्र तेल सांगतात व त्याच्या जागीं ए.टी.एफ. घालूं देत नाहींत. तिसरी जात कृत्रिम हायड्रॉलिक तेलाची. हें बहुधा हिरवें असून कांहीं युरोपीय गाड्यांत वापरतात. कडक थंडींतहि तें पातळ राहावें अशी त्याची घडण असते. चंद्रपुरास मे महिन्यांत उष्णमान ४७ अंशांपुढें गेल्याचीं वर्षें आहेत, मग येथें थंडीच्या तेलाचें काय काम, असें कोणी म्हणेल. परंतु गाडीचा पंप, झडपा व सीलें हीं त्या तेलाच्या मानानेंच केलेलीं असतात. गाडी चंद्रपुरांत आली म्हणून तीं बदलत नाहींत.

रंगावर विश्वास ठेवूं नये. रंग हा नुसता मिसळलेला असतो आणि एका कंपनीचें लाल तें दुसऱ्या कंपनीचें लाल असेलच असें नाहीं. जुनें तेल काळवंडलें म्हणजे तर मूळ रंग ओळखूं येत नाहीं. खरी खूण दोनच ठिकाणीं मिळते : टाकीच्या झांकणावर कोरलेल्या अक्षरांत व गाडीच्या पुस्तकांत. पुस्तक हरवलें असेल तर गाडीचें नांव, साल व चेसिस क्रमांक घेऊन त्या कंपनीच्या अधिकृत दुकानीं चौकशी करावी. एक हेलपाटा पडेल, पण तो पंपाच्या किंमतीहून स्वस्त पडेल.

सर्वांत घातक चूक

वरील तीन जातींची सरमिसळ वाईट खरीच; पण सर्वांत घातक चूक म्हणजे ब्रेकचें तेल स्टिअरिंगच्या टाकींत ओतणें. नेहमींचें ब्रेकचें तेल, ज्याच्या बाटलीवर डॉट ३ किंवा डॉट ४ असें लिहिलेलें असतें, तें खनिज तेल नव्हेच. तें ग्लायकॉल जातीचें द्रव्य आहे. स्टिअरिंगचीं सीलें खनिज तेलांत टिकणाऱ्या नायट्राइल जातीच्या रबराचीं असतात. ब्रेकचीं रबरें ग्लायकॉलांत टिकणाऱ्या निराळ्या रबराचीं असतात. एकाचें औषध तें दुसऱ्याचें विष. शिवाय ब्रेकचें तेल पंपास पुरेसें वंगणहि देत नाहीं.

हें आम्हांस पुस्तकावरून नव्हे, तर पदरचे पैसे मोजून कळलें. कांहीं वर्षांपूर्वीं ऐन भाद्रपदांत आम्ही सिरोंच्याच्या बाजूनें आलापल्लीकडे परतत होतों. गाडी जुनी, वाट खड्ड्यांची, वर पावसाची झड. स्टिअरिंग वळणावर घरघर करूं लागलें व जड झालें. झांकण काढून पाहतां तेल तळाशीं गेलें होतें. वाटेंतील एका दुकानीं तेल मागितलें. दुकानदारानें पिवळसर द्रव्याची एक बाटली पुढें केली, आणि आम्हींहि तीवरील अक्षर न वाचतां ती टाकींत ओतविली. त्या दिवशीं कांहींच झालें नाहीं. उलट स्टिअरिंग हलकें झालें म्हणून आम्ही आपल्या प्रसंगावधानावर खूष झालों. पंधरवड्याच्या आंत पंपाच्या दांड्यापाशीं व रॅकच्या दोन्ही टोंकांस गळती सुरू झाली. जी गाडी आधीं एका जागीं गळत होती ती आतां चार जागीं गळूं लागली. मिस्त्रीनें सीलें काढून हातावर ठेविलीं तेव्हां तीं फुगून लिबलिबीत झालेलीं होतीं. पंप व रॅक दोन्ही उकलून पुन्हा बांधावे लागले. त्या बाटलीवर ब्रेकचें तेल असें स्वच्छ छापलेलें होतें. दोष अर्धा दुकानदाराचा व अर्धा आमचा. किंबहुना ज्यास वाचतां येतें त्याचा दोष अधिकच.

याच्या उलट चूक झाली तर परिणाम याहून भयंकर. स्टिअरिंगचें अगर इंजिनाचें तेल ब्रेकच्या टाकींत गेलें तर ब्रेकचीं रबरें फुगतात व ब्रेक चिकटतो किंवा लागतच नाहीं. अशी चूक ध्यानांत आल्यास गाडी जागची हलवूं नये.

स्टिअरिंगच्या टाकींत चुकीचें तेल पडलें आणि तें तत्काळ लक्षांत आलें तर इंजिन सुरूच करूं नये. पिचकारीनें टाकींतील सर्व तेल उपसून काढावें, टाकी धुवून कोरडी करावी व मगच योग्य तेल भरावें. इंजिन चालविलें गेलें असेल तर पुढें सांगितलेल्या रीतीनें सर्व नळ्यांतील तेल दोन-तीन वेळां बदलावें आणि पुढील महिनाभर सीलांवर नजर ठेवावी.

गळती कशी शोधावी

तेल ओघळून भलत्याच जागीं टपकतें. म्हणून जेथें थेंब पडतो तेथेंच गळती आहे असें धरूं नये. प्रथम पंप, नळ्या, रॅक व त्याचीं रबरी आवरणें धुवून पुसून कोरडीं करावीं. रात्रभर गाडीखालीं पांढरा कागद किंवा पुठ्ठा पसरावा. सकाळीं डागाची जागा पाहावी व वरच्या भागाशीं ती ताडून पाहावी. नंतर इंजिन सुरू करून एकानें स्टिअरिंग एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत फिरवावें व दुसऱ्यानें दुरून पाहावें. स्टिअरिंग टोंकास चार-पांच सेकंदांहून अधिक दाबून धरूं नये. त्या वेळीं दाब सर्वांत अधिक असून तेल झपाट्यानें तापतें.

इंजिन चालू असतां हातानें नळी चांचपून गळती शोधूं नये. बारीक छिद्रांतून निघणारी तेलाची धार डोळ्यांस दिसत नाहीं, पण ती कातडी भेदून आंत शिरूं शकते. वरून टांचणीएवढी जखम दिसते आणि आंत हात सडूं लागतो. असें झाल्यास दुखत नसलें तरी तत्काळ मोठ्या इस्पितळांत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरास दाखवावें. तपासणीसाठीं पुठ्ठ्याचा तुकडा पुढें धरावा; धार असेल तर त्यावर उमटेल. गळणारें तेल तापलेल्या धुराड्याच्या नळीवर पडत असेल तर तें पेट घेऊं शकतें. अशी गाडी दुरुस्तीवांचून चालवूं नये.

गळतीच्या जागा व त्यांवरील इलाज

सर्वांत सोपी जागा परतीच्या नळीची. तींत दाब थोडा असतो. पुष्कळदां क्लिप ढिली होते किंवा नळीचें टोंक कडक होऊन चिरतें. टोंक चिरलें असल्यास व नळी पुरेशी लांब असल्यास तेवढा तुकडा कापून नवी क्लिप लावावी. नळी सर्वत्र कडक झाली असेल तर नवीच घालावी. ती तेलास टिकणारी, याच कामाची असावी. पाण्याची साधी रबरी नळी येथें कांहीं दिवसांतच फुगून निसटते.

दुसरी जागा दाबाच्या नळीची. ही जेथें लोखंडी टोपणांत दाबून बसविलेली असते तेथें पाझरते. हिला क्लिप आवळून किंवा पट्टी गुंडाळून कांहीं उपयोग नाहीं. एवढ्या दाबापुढें तें टिकत नाहीं. नवी नळी घालावी, किंवा जेथें ट्रॅक्टरच्या व खोदाई-यंत्रांच्या हायड्रॉलिक नळ्या दाबून मिळतात अशा चांगल्या दुकानांतून योग्य दाबाची नळी करून घ्यावी. जोडाचे तांब्याचे वायसर व ओ-रिंग प्रत्येक वेळीं नवे घालावे; जुने परत घालणें ही खोटी काटकसर होय.

तिसरी जागा पंपाच्या दांड्याचें सील. हें गळूं लागलें म्हणजे तेल पट्ट्यावर उडतें, पट्टा घसरून किंकाळी फोडतो व स्टिअरिंग जड होतें. नुसता पट्टा बदलून भागत नाहीं; सील बदलून, पुली पुसून, मग नवा पट्टा घालावा. दांड्यास चर पडली असेल तर नवें सीलहि टिकणार नाहीं. तेव्हां सील घालण्यापूर्वीं दांड्यावरून नख फिरवून पाहावें. नख अडकलें तर दुसरा पंप पाहावा.

चौथी व सर्वांत खर्चाची जागा रॅकच्या टोंकांचीं सीलें. रॅकच्या दोन्ही बाजूंस भात्यासारखीं रबरी आवरणें असतात. तीं फाटलीं म्हणजे आमच्या वाटांवरील चिखल व वाळू आंत जाऊन दांडा खरवडतो, मग सील फाटतें व तेल भात्यांत सांठतें. भाता दाबून पाहावा. आंत तेल खळखळलें तर सील गेलें असें निश्चित समजावें. दांड्यावर गंज किंवा ओरखडे असल्यास नुसतीं सीलें बदलणें व्यर्थ. म्हणून भाता फाटलेला दिसतांच तो बदलावा. त्या थोड्या खर्चानें रॅक वांचतो. जीपच्या घडणीच्या ज्या जुन्या गाड्यांत रॅकऐवजीं पेटी असते, त्यांत पेटीखालच्या आडव्या हातास जोडणाऱ्या दांड्याचें सील गळतें. रॅक किंवा त्याच्या टोंकांचे दांडे काढले असतील तर शेवटीं चाकांची अलाइनमेंट करून घ्यावी, नाहींतर नवे टायर एका बाजूनें झिजतील.

गळती थांबविणाऱ्या औषधांच्या बाटल्या बाजारांत मिळतात. तीं द्रव्यें कडक झालेल्या सीलास मऊ करून थोडें फुगवितात. किंचित् पाझर असेल तर कांहीं दिवस गुण दिसतो. पण फाटलेलें सील, चिरलेली नळी किंवा खरवडलेला दांडा तीं दुरुस्त करूं शकत नाहींत, आणि अधिक घातल्यास चांगलीं सीलेंहि बिघडतात. गांवाकडे पोंचेपर्यंतचा आधार यापलीकडे त्यांस किंमत देऊं नये.

तेल बदलण्याची रीत

गळती बंद झाल्यावरच तेल बदलावें. साधारण मोटारींत सुमारें एक लिटर तेल मावतें. धुवून काढण्यासाठीं दोन लिटर हाताशीं असावें. पुढचीं दोन्ही चाकें जॅकनें उचलून गाडी भक्कम ठोकळ्यांवर ठेवावी; नुसत्या जॅकवर ठेवून कोणीहि खालीं जाऊं नये. टाकींतील तेल उपसावें, परतीची नळी टाकीपासून सोडवून बाटलींत सोडावी व टाकीचें तें तोंड बुचानें बंद करावें. टाकींत नवें तेल भरून, इंजिन बंद ठेवूनच, स्टिअरिंग सावकाश दोन्ही टोंकांपर्यंत फिरवीत राहावें. टाकी रिकामी होऊं न देतां वरून तेल घालीत जावें. बाटलींत स्वच्छ तेल येऊं लागलें म्हणजे नळी पूर्ववत् जोडावी. इंजिन चालू ठेवून हें काम लवकर होतें, पण क्षणभर दुर्लक्ष झालें तरी पंप कोरडा फिरतो. म्हणून आम्ही ती रीत सांगत नाहीं.

नळी जोडल्यावरहि इंजिन बंद असतांच स्टिअरिंग आणखी पंधरा-वीस वेळां फिरवावें, म्हणजे अडकलेली हवा टाकीवाटे निघून जाते. मग इंजिन सुरू करून पातळी पाहावी. तेल ताकासारखें फेसाळ दिसलें तर हवा अजून आंत आहे. इंजिन बंद करून फेस बसूं द्यावा व पुन्हा फिरवावें. टाकीवर थंड व गरम तेलाच्या निरनिराळ्या खुणा असतात, त्यांहून अधिक भरूं नये.

आतां तेलाची जात बदलण्याविषयीं. आमचें मत असें कीं, गाडी करणाऱ्या कंपनीनें जें तेल सांगितलें आहे त्याशिवाय दुसऱ्याच्या मागें लागूं नये. तें मिळेनासें झालें असेल व कंपनीनेंच पर्यायी तेल सांगितलें असेल तर जुनें तेल वरील रीतीनें पूर्ण काढूनच नवें भरावें. अर्धें हें, अर्धें तें असें करूं नये. जुन्या सीलांस एका तेलाची संवय झालेली असते. घडण बदलतां तीं आकसूं किंवा फुगूं शकतात. म्हणून बदलानंतर आठ दिवसांनीं व महिन्यानें पुन्हा कागद पसरून पाहावें.

ट्रॅक्टर असणारांस विशेष सूचना

मोटारीच्या पॉवर स्टिअरिंगमध्यें तेल संपलें तरी स्टिअरिंगचा चाकांशीं लोखंडी जोड कायम राहतो. गाडी जड होते, पण वळते. ट्रॅक्टरांची गोष्ट निराळी. पुष्कळ ट्रॅक्टरांत स्टिअरिंग व पुढचीं चाकें यांमध्यें लोखंडी दांडा नसतोच. नळ्यांतील तेल हाच काय तो दुवा. इंजिन बंद पडलें तरी जोर लावून असा ट्रॅक्टर वळवितां येतो. परंतु तेलच उरलें नाहीं तर स्टिअरिंग नुसतें फिरत राहतें आणि चाकें वळत नाहींत. रोवणीच्या दिवसांत तलावाच्या पाळीवरून ट्रॉलींत पंधरा-वीस माणसें बसवून ट्रॅक्टर नेणारे आमचे बांधव आहेत. ट्रॉली माणसें नेण्यासाठीं नाहीं हें तर खरेंच. त्यांत ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगची नळी गळत असेल तर ती पाळ आणि तें तलावाचें पाणी यांमध्यें एका नळीचें अंतर राहतें, हें कोणीं विसरूं नये.

चिखलणी करतांना पुढच्या सिलिंडरच्या चकचकीत दांड्यावर चिखल वाळतो व दांडा आंत-बाहेर होतांना सील कापतो. संध्याकाळीं ट्रॅक्टर सोडतांना तो दांडा पाण्यानें धुवून फडक्यानें पुसावा. मोठ्या दाबाच्या पाण्याची धार मात्र सीलावर धरूं नये. कांहीं ट्रॅक्टरांत स्टिअरिंगचें तेल स्वतंत्र टाकींत असतें, कांहींत गिअरबॉक्सचें तेलच तेथें खेळतें. दोहोंस एकच तेल चालत नाहीं, म्हणून मोटारीचें लाल तेल ट्रॅक्टरांत ओतण्यापूर्वीं पुस्तक पाहावें.

काढलेलें तेल

जुनें तेल धुऱ्यावर, नाल्यांत किंवा तलावाच्या कांठीं ओतूं नये. आपल्याकडील पाणी बांधींतून बांधींत व शेवटीं तलावांत जातें. त्याच तलावांत मासे असतात व तेथेंच गुरें पाणी पितात. २०१६ सालच्या केंद्रीय नियमांत वापरलेलें तेल घातक कचऱ्यांत गणलें आहे. तें झांकणाच्या डब्यांत सांठवावें व नोंदणी असलेल्या पुनःप्रक्रिया करणाराकडे जुनें तेल पाठविणाऱ्या गॅरेजांत द्यावें.

पावसाळ्यापूर्वीं काय करावें

पर्लकोटेला पूर येऊन भामरागडची वाट तुटल्याच्या बातम्या वर्षानुवर्षें वाचण्यांत आलेल्या आहेत. इतर तालुक्यांतहि नाले भरले म्हणजे गांवें दिवस-दिवस एकटीं पडतात. पाणी ओसरतांच आजाऱ्यास घेऊन निघालेली गाडी स्टिअरिंगच्या तेलावांचून वाटेंत थांबावी, यासारखें दुर्दैव नाहीं, आणि यासारखें सहज टाळतां येण्याजोगेंहि दुसरें नाहीं. म्हणून रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वीं प्रत्येकानें एक रात्र गाडीखालीं कागद पसरावा, झांकणावरील अक्षर वहींत उतरून घ्यावें, नळ्या व भाते पाहावे आणि योग्य तेलाचा एक लिटरचा न उघडलेला डबा आसनाखालीं ठेवावा.

आपल्या आज्या-पणज्यांनीं आंसास ओंगण घातल्याशिवाय बंडी कधीं गांवाबाहेर काढली नाहीं, आणि तें ओंगण कशाचें असावें हेंहि ते जाणत होते. वाहन बदललें, तेल बदललें. पण बाहेर निघण्यापूर्वीं खालीं वांकून पाहण्याची त्यांची संवय आपण सोडण्याचें कारण नाहीं.